बेसबॉलची बॅटिंग टी: आठ महिने वापरल्यावर

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास टी (चेंडू ठेवून मारायचा उभा दांडा) आणि 32 इंची ॲल्युमिनियमची बॅट घेतली, आता ऑगस्ट संपत आलाय. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून दोरीवर टाकली आहे. खालचा काठ मोकळा सोडला की चेंडू तिच्यात दमतो आणि तिथंच पडतो. जाळीचा खर्च वाचला. आठवड्यातून पाच दिवस, रोज शंभरेक फटके.

मी मूळचा क्रिकेटवाला. पहिले पंधरा दिवस चेंडू नुसता घरंगळायचा आणि बॅट टीच्या रबरावर आपटायची. जागेवर ठेवलेला चेंडूही नीट लागत नाही, याचं फार वाईट वाटायचं. मग चेंडूला खडू चोळायला लागलो. फटक्यानंतर बॅटवर पांढरा ठसा उठतो. माझे ठसे मुठीजवळ आणि बॅटच्या खालच्या अंगाला उठत होते. म्हणजे चेंडू अंगाला फार जवळ, आणि बॅट वरून खाली येतेय.

टी पुढच्या पायाच्या रेषेत सरकवली आणि ठसा टोकापासून साधारण 6 इंचांवर आला. तिथं लागला की हाताला काही जाणवतच नाही, कारण त्या पट्ट्यात बॅटची थरथर सगळ्यात कमी असते. मुठीकडं लागला की बोटं झिणझिणतात, जानेवारीच्या सकाळी तर डोळ्यांत पाणीच.

वरून खाली मारायची सवय जायला दोन महिने लागले. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, 10 इंच उंचवट्यावरून टाकतो, त्यामुळे सरळ वाटणारा चेंडूही खाली उतरतच येतो. बॅट किंचित वर चढत गेली तर ती त्याच्या वाटेत जास्त वेळ राहते. आधी कंबर वळते, मग खांदे, हात शेवटी. धाकटी बहीण चेंडू ठेवायला बसते, ती दर दहा फटक्यांना सांगते, "दादा, डोकं वर उचललंस." तिचं निम्म्याहून जास्त वेळा बरोबर असतं.

टीवर एक गोष्ट अजिबात शिकता येत नाही, ती म्हणजे वेळ. 18.44 मीटरवरून ताशी 145 किलोमीटर वेगानं टाकलेला चेंडू जेमतेम 0.4 सेकंदात पोचतो, आणि त्यातले 0.15 सेकंद तर बॅट फिरण्यातच जातात. एवढा वेग आमच्याकडं कुणाचाच नाही, तरी मे महिन्यातल्या सरावाच्या सामन्यात मी तिन्ही वेळा स्ट्राइकआउट (चेंडू हुकवून बाद) झालो. बॅट सुंदर फिरली, पण उशिरा. तेव्हापासून रोज अर्धा तास मित्राकडून जवळून चेंडू टाकून घेतो. नुसत्या टीवर अवलंबून राहणाऱ्यांनी हे आधीच सुरू करावं, माझे चार महिने वाया गेले.

बॅटला एकही पोचा नाही, पकडीची पट्टी मात्र घामानं दोनदा बदलावी लागली. टीचा तळ हलका आहे, त्यावर वीट ठेवतो. चेंडू ज्यावर बसतो ते रबर मेच्या उन्हात गच्चीवरच राहिलं आणि चिरलं. सुटं रबर मिळवायला तीन आठवडे गेले, तेव्हा ते वेगळं मिळतं का, हे विचारूनच टी घ्या.