एफपीएलची खासगी लीग चालवताना: निम्म्या सीझननंतरचा अनुभव

ज्यांना आपल्या मित्रमंडळींसाठी फँटसी प्रीमिअर लीगची, म्हणजे एफपीएलची, खासगी लीग काढायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमधल्या खऱ्या फुटबॉलपटूंची आपली टीम बनवायची आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण मिळवायचे, असा हा ऑनलाइन खेळ. टीम कशी निवडावी यावर ढिगाने मजकूर मिळतो. लीग काढून ती मे महिन्यापर्यंत जिवंत कशी ठेवावी, यावर मराठीत लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही. आमची लीग ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली आणि आता सीझन निम्म्याच्या पुढे गेलाय. आम्ही सगळे कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हे तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेले. आता बरेचसे पुण्यात, काही दुबईत, एक जण लंडनला. लीग चालवायचं काम माझ्याकडे आहे.

मत आधीच सांगून टाकतो. खेळ म्हणून एफपीएल उत्तम आहे, फुकट आहे आणि वीसेक वर्षं चालत आल्यामुळे नियम घासूनपुसून पक्के झालेले आहेत. पण शनिवारी रात्री सामने सुरू असताना गटात जो जीव यायला हवा, तो खेळातून आपोआप येत नाही. तो लीग चालवणाऱ्याला आणावा लागतो, आणि त्यात मेहनत आहे.

नियम नवख्यांसाठी थोडक्यात. १०० मिलियन पौंडांच्या बजेटमध्ये १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलकीपर, ५ बचावपटू, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबचे जास्तीत जास्त ३. त्यातले ११ खेळवायचे, ४ बेंचवर. कॅप्टनचे गुण दुप्पट. दर गेमवीकला (सामन्यांच्या एका फेरीला) १ ट्रान्स्फर (खेळाडूची अदलाबदल) फुकट, न वापरलेल्या ५ पर्यंत साठवता येतात, त्यावरच्या प्रत्येकीला ४ गुणांचा फटका. एकूण ३८ गेमवीक. एवढ्यावर कुणीही सुरुवात करू शकतो.

खरी पहिली अडचण टीम पक्की करायच्या डेडलाइनची. ती गेमवीकच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते आणि ती इंग्लंडच्या घड्याळावर चालते. सीझनचा पहिलाच सामना, लिव्हरपूल विरुद्ध बोर्नमथ, १५ ऑगस्टला शुक्रवारी तिथल्या रात्री ८ ला होता. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले, आणि डेडलाइन रात्री ११ ला. शनिवारी दुपारच्या सामन्याने गेमवीक सुरू होत असेल तर डेडलाइन आपल्या दुपारी साडेतीनला. पुढे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं एक तास मागे जातात आणि आपली सगळी वेळापत्रकं एक तासाने पुढे सरकतात: साडेतीनचे साडेचार, रात्री ११ चे १२. आठवड्याच्या मधल्या सामन्यांची डेडलाइन रात्री साडेअकराच्या आसपास येते. तेव्हा घरातले झोपलेले असतात आणि नोकरीवाला माणूसही पेंगत असतो. 'डेडलाइन शुक्रवारी आहे' एवढंच सांगून भागत नाही. मी आता प्रत्येक गेमवीकला आपल्या वेळेप्रमाणे तारीख, वार आणि तास असा स्पष्ट निरोप टाकतो: एक आदल्या संध्याकाळी, दुसरा डेडलाइनच्या दोन तास आधी. दुबईवाल्यांसाठी दीड तास वजा करून वेगळी ओळ. दुसऱ्या निरोपानंतर लगेच "भावा, कॅप्टन कोण ठेवलास?" सुरू होतं. गेमवीकची खरी सुरुवात तिथूनच होते, पहिल्या किकपासून नव्हे.

आता लाइव्हची गोष्ट, कारण सगळं त्यातच आहे.

अधिकृत ॲपवर खेळाडूंचे गुण सामना चालू असताना चढत जातात. लीगचा पक्का तक्ता मात्र दिवसाचे सामने उरकून बोनस चढल्यावर मांडला जातो, आणि बदली खेळाडूंचा हिशोब तर गेमवीक पूर्ण संपल्यावर. शेवटचा सामना सोमवारी रात्री असेल तर मंगळवारी सकाळपर्यंत आपण नक्की कितवे हे कळत नाही. हिशोबाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण गटातल्या माणसांना शनिवारी रात्री पावणेनऊला कळायला हवं असतं की आत्ता या क्षणी कोण वर आहे. आम्ही आधी एका बाहेरच्या ॲपवर अवलंबून होतो. संध्याकाळचे बरेच सामने एकदम सुरू झाले की ते अडकायचं, नेमकं हवं तेव्हा. मग मी स्वतःचा तक्ता बनवला.

हे वाटतं तेवढं अवघड नाही. एफपीएलचा आकड्यांचा डेटा लॉगिन न करता वाचता येतो. एका पत्त्यावर सगळ्या खेळाडूंची नावं, क्लब, किमती; दुसऱ्यावर त्या गेमवीकचे चालू गुण; तिसऱ्यावर लीगमधले सदस्य; चौथ्यावर प्रत्येकाने डेडलाइनला ठेवलेली टीम. डेडलाइन होईपर्यंत दुसऱ्याची निवड दिसत नाही, झाली की सगळ्यांच्या टीम उघड. मी गुगल शीट घेतली, तिच्यात छोटी स्क्रिप्ट टाकली. सामने चालू असताना ती ठराविक मिनिटांनी चालू गुण ओढते, कॅप्टनचे दुप्पट करते, जादा ट्रान्स्फरचे ४-४ वजा करते आणि क्रम लावते. शीटची लिंक गटात. इथपर्यंतचं काम एका सुट्टीच्या दिवसात होतं.

वेळ खातात त्या दोन गोष्टी: बोनस आणि बदली. बोनस म्हणजे सामन्यातल्या तीन सर्वोत्तम खेळाडूंना ३, २, १. तो बीपीएस नावाच्या गुणांकनावरून ठरतो आणि ते गुणांकन शेवटच्या मिनिटापर्यंत हलत राहतं. पहिल्या जागेवर दोघं बरोबरीत आले तर दोघांनाही ३ आणि तिसऱ्याला १, मधला २ कुणालाच नाही. हे स्क्रिप्टमध्ये नीट बसवलं नाही तर तक्ता खोटं बोलतो आणि लोकांचा त्यावरचा विश्वास उडतो.

बदली म्हणजे न खेळलेल्याच्या जागी बेंचवरचा खेळाडू क्रमाने आपोआप आत येणं. त्याचं उदाहरण सांगतो, कारण यावरून प्रत्येक गटात भांडण होतं. समजा तुमची मांडणी ३-५-२ आहे, म्हणजे ३ बचावपटू, ५ मिडफिल्डर, २ फॉरवर्ड. बेंचवर पहिला फॉरवर्ड, त्याच्यामागे दोन बचावपटू. मैदानावरचा एक बचावपटू सामन्यात उतरलाच नाही. बेंचवरच्या फॉरवर्डने ९ गुण मिळवलेत, पहिल्या बचावपटूने १. तुम्हाला वाटतं ९ आले. येत नाहीत. टीममध्ये किमान ३ बचावपटू असलेच पाहिजेत, म्हणून खेळ फॉरवर्डला ओलांडून जातो आणि १ गुणवाला बचावपटू आत घेतो. गैरहजर माणूस मिडफिल्डर असता तर ९ मिळाले असते. तसंच कॅप्टनचं. तो अजिबात खेळला नाही तर व्हाइस कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, पण तो शेवटच्या दोन मिनिटांसाठी जरी उतरला तरी त्याचा १ गुण दुप्पट होऊन २, आणि व्हाइस कॅप्टनची दुप्पट गेली. आमचा तक्ता हे सगळं चालू सामन्यातच करून दाखवतो. "काय रे, माझे ९ कुठं गेले?" याला आता उत्तर द्यावं लागत नाही. शीटमध्ये नावासमोर कोण आत, कोण बाहेर हे दिसतं.

एक विनंती: स्क्रिप्ट दर सेकंदाला डेटा ओढेल अशी लावू नका. मिनिटाला एकदा पुरेसं होतं, आणि उघडा डेटा उघडा राहावा असं वाटत असेल तर तेवढी मर्यादा आपणच पाळली पाहिजे.

या सीझनचा मला सर्वांत आवडलेला बदल म्हणजे बचावाच्या कामाला मिळणारे गुण. क्लिअरन्स (चेंडू गोलपासून दूर मारणं), ब्लॉक (फटका अडवणं), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणं) आणि टॅकल (पायातला चेंडू काढून घेणं) मिळून बचावपटूने १० चा आकडा गाठला की २ गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला १२ लागतात, पण त्यांच्यात परत मिळवलेला चेंडूही धरतात. सामन्यामागे जास्तीत जास्त २, ९ वर थांबलात तर शून्य. आजवर बचावपटू घ्यायचा तो क्लीन शीटसाठी (संघाने एकही गोल न खाण्यासाठी) किंवा वर जाऊन क्रॉस मारतो म्हणून. खालच्या क्लबचा, दिवसभर चेंडू डोक्याने परतवणारा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, कुणाच्या हिशोबात नसायचा. आता एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीसारखा माणूस क्लीन शीट गेली तरी गुण देऊन जातो.

आमच्या गटाला हा नियम इतका भावला त्याचं कारण कोल्हापुरात आहे. पेठेतल्या फुटबॉलमध्ये गोल मारणाऱ्याचं नाव होतंच, पण स्टेडियमवर नेहमी बसणारी जुनी माणसं बचावातला स्टॉपर कसा खेळला यावर घरी जाईपर्यंत बोलत असतात. आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे असलेले दादा स्वतः तालमीकडून बचावात खेळलेले. वर्षानुवर्षं त्यांची तक्रार होती की या खेळात बचावाला किंमत नाही. यंदा ते लीगमध्ये आले. माझ्या शीटमध्ये आता या आकड्यांचा वेगळा रकाना आहे. ८५व्या मिनिटाला एखादा ९ वर अडकलेला असला की गट स्कोअर विसरतो आणि एका क्लिअरन्सची वाट बघतो. कॉर्नर आला की दादांचा निरोप येतो: "बॉल त्याच्याकडंच जाऊ दे." सामन्यानंतर आकडे पुन्हा तपासले जातात आणि त्यात थोडा फरक पडू शकतो, त्यामुळे रात्रीचा तक्ता तात्पुरता आहे असं शीटच्या डोक्यावर लिहून ठेवा.

दुसरा बदल चिपांचा, म्हणजे एखाद्या गेमवीकला वापरायच्या खास सवलतींचा. वाइल्डकार्ड (हवे तितके बदल फुकट), फ्री हिट (एका गेमवीकपुरती वेगळी टीम), बेंच बूस्ट (बेंचवरच्यांचेही गुण) आणि ट्रिपल कॅप्टन (कॅप्टनचे तिप्पट) आता दोन्ही अर्धांत प्रत्येकी एकदा मिळतात, आणि पहिला संच १९व्या गेमवीकच्या डेडलाइनपर्यंत वापरावा लागतो, पुढे नेता येत नाही. लीग चालवणाऱ्याला हा बदल फार सोयीचा. पूर्वी लोक चिपा दाबून बसायचे आणि डिसेंबर सुना जायचा. यंदा डिसेंबरमध्ये दर आठवड्याला कुणी ना कुणी काहीतरी वाजवत होतं. त्यातच आफ्रिकन नेशन्स कपसाठी सलाह, एम्बुमो, सार अशी मंडळी जाणार म्हणून १६व्या गेमवीकला सगळ्यांच्या ट्रान्स्फर ५ पर्यंत भरून दिल्या गेल्या. मागच्या सीझनमध्ये ३४४ गुणांचा विक्रम करणारा सलाह एका रात्रीत काढायचा की ठेवायचा, यावर आमच्याकडे दोन दिवस खल चालला.

आता लीग मरते कशी, ते. २०० गुणांनी मागे पडलेला माणूस टीम उघडणं बंद करतो. त्याच्या टीममध्ये जखमी खेळाडू तसेच पडून राहतात. अशा दोन-तीन टीम झाल्या की गटातली बडबड कमी होते आणि वरच्यांचाही उत्साह ओसरतो. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे त्याच माणसांची दुसरी, हेड टू हेड लीग. तिथे दर गेमवीकला एकाशी एक सामना, जिंकल्यास ३ गुण, बरोबरी १. एकूण गुणांत तळाला असलेला माणूस इथे पहिल्याला हरवू शकतो आणि हरवतोही. सदस्यसंख्या विषम असेल तर खेळ स्वतःहून 'ॲव्हरेज' नावाची टीम घालतो, म्हणजे त्या आठवड्याच्या सरासरीशी तुमचा सामना. शक्यतो सम आकडा ठेवा, सरासरीला चिडवता येत नाही. शिवाय मी शीटमध्ये महिन्याचा वेगळा क्रम लावतो. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला सगळे शून्यावर.

एफपीएलचा ड्राफ्ट प्रकारही आम्ही छोट्या गटात चालवून पाहिला. त्यात एक खेळाडू लीगमध्ये एकाच टीमकडे असतो, बजेट नाही, कॅप्टन नाही, आणि ठरलेल्या वेळी सगळ्यांनी ऑनलाइन बसून पाळीपाळीने निवड करायची. निवडीची रात्र अप्रतिम रंगते. पण वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना एका वेळी बसवणं कठीण, आणि ज्याची पाळी हुकते त्याला यंत्राने निवडलेल्या खेळाडूंवर सुरुवात करावी लागते. आठ जण एकाच गावात असतील तर जरूर करा.

पैशाबद्दल स्पष्ट लिहितो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि पैसेवाल्या फँटसी स्पर्धा थांबल्या. आमच्यातले काही जण तिकडूनच इकडे आले. पहिले काही आठवडे त्यांना इथे चव लागेना, कारण एका सामन्यात निकाल नाही. आता तेच सगळ्यांत जास्त बोलतात. आमच्या लीगमध्ये वर्गणी नाही. महिन्याच्या विजेत्याला सगळे मिळून मिसळ खाऊ घालतात, बाहेरगावचा असला तर तो गावी येईल तेव्हा. त्यामुळे शाळेत जाणारा भाचा आणि एका मित्राची बायको, आमच्या वहिनी, दोघंही बिनधास्त खेळतात. नोव्हेंबरच्या मिसळीचा मान वहिनींचा होता.

अधिकृत ॲपमध्ये लीग चालवणाऱ्याला अजून दोन गोष्टी मिळायला हव्यात: लीगपुरता निरोप पाठवायची सोय आणि महिन्याच्या क्रमाची मांडणी नीट, सहज दिसणारी. मराठी भाषेचा पर्याय मिळाला तर दादांच्या वयाची अजून कितीतरी माणसं येतील.

तुम्हाला आत्ता सुरू करायचं असेल तर पुढच्या ऑगस्टची वाट बघू नका. लीग तयार करताना गुण कोणत्या गेमवीकपासून धरायचे हे निवडता येतं, पुढचा गेमवीक निवडा म्हणजे सगळे एका रेषेवर येतात. उशिरा येणाऱ्यालाही १०० मिलियनची पूर्ण टीम मिळते, आणि पहिल्या डेडलाइनपर्यंत हवे तितके बदल फुकट. लीगमध्ये यायचा कोड गटात टाका, सोबत आपल्या वेळेची डेडलाइन लिहा. हेड टू हेडचा कोडही त्याच निरोपात द्या, नंतर दिला तर निम्मे लोक राहून जातात.