दोन दांड्यांचा स्प्रिंग कॉम्प्रेसर: घरी शॉकअप बदलायला पुरतो का?

छोट्या गाडीचा पुढचा शॉकअप किंवा त्याच्या डोक्यावरचं माउंटिंग घरी बदलायचं, तर शॉकअपभोवतीची स्प्रिंग दाबून धरणारं अवजार, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर, लागतंच. ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसतो तो दोन दांड्यांचा जोड: प्रत्येक दांड्यावर आटे, वर-खाली आकडे आणि टोकाला पान्हा लावायचं डोकं. दीड-दोन हजारांच्या आत-बाहेर मिळतो. फोटोत सगळे जोड सारखेच दिसतात, म्हणून आधी एकच बघा. आकड्यात स्प्रिंगची तार बसली की तोंडावर आडवी येणारी लॉक पिन आहे का? नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

नऊशे किलोच्या हॅचबॅकचं साठेक टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर असतं. म्हणजे उभ्या गाडीत एका स्प्रिंगवर अडीचशे किलोच्या आसपास भार. चाक लोंबतं ठेवलं की बराच उतरतो, पण शॉकअपच्या वरच्या मधल्या नटामुळे स्प्रिंग तरीही दाबलेलीच राहते. आकडा निसटला तर हाताचं हाड मोडेल एवढा जोर त्यात उरलेला असतो. म्हणून तो मधला नट शॉकअप गाडीवर असताना पूर्ण काढायचा नाही, आणि स्प्रिंग नीट दाबल्याशिवाय तर अजिबातच नाही.

या जोडाची खरी उणीव आकड्यांच्या मापात आहे. तोंड जाड तारेला धरून केलेलं असतं. ऑल्टो, वॅगनआरसारख्या गाडीची तार बारीक, त्यामुळे आकडा तिच्यावर डुलतो. तार मुळात उतरती वळलेली, म्हणून दाब वाढला की आकडे उताराकडे सरकतात आणि दोन्ही दांडे एकाच बाजूला गोळा होतात. मग स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. असं दिसलं की आणखी आवळू नका. दोन्ही दांडे थोडे-थोडे सोडा आणि पुन्हा समोरासमोर बसवा. तारेवरचं तेल-माती आधीच पुसून घेतलं तर हा त्रास बराच कमी होतो.

वापरताना दांड्याच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावा. आकडे जमतील तितक्या लांबच्या वेढ्यांत अडकवा. एका दांड्याला दोन आटे, मग दुसऱ्याला दोन, असं हातपान्ह्याने आळीपाळीने आवळा. इम्पॅक्ट गन लावली की आटे तापून एकमेकांत चिकटतात, आणि दाबलेल्या स्प्रिंगवर अडकलेला दांडा सोडवणं हे सगळ्यात धोक्याचं काम. स्प्रिंग वरच्या बैठकीपासून सुटून हाताने फिरायला लागली की थांबा, त्याहून जास्त दाबायची गरज नाही. ती दाबलेली असेपर्यंत तिच्या दोन्ही टोकांसमोर तोंड किंवा हात आणू नका.

मधला नट सोडताना आतला रॉड सोबत फिरतो. तो वरच्या टोकाला अॅलन कीने धरा. चकचकीत रॉड पकडीने धरला तर ओरखडा पडतो, तो ओरखडा तेलाचा सील कापतो, आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळायला लागतो.

एवढं उघडलं आहे तर नुसता शॉकअप बदलून बंद करू नका. स्टिअरिंग वळवताना ‘टण’ असा आवाज येत असेल, तर माउंटिंगचं बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता जास्त. बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबून आदळू नये म्हणून रॉडवर असलेला मऊ ठोकळा) आणि धुळीचं रबर हातात भुगा होऊन येतात; तेही नवे घ्या, आणि सगळं दोन्ही बाजूंचं एकदम. तेलाचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करा म्हणजे आतली हवा निघते. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. एक बोटभर जरी मागे राहिलं, तरी पहिल्याच स्पीडब्रेकरवर ते सरकतं आणि ‘खट्’ आवाज येतो.

शॉकअप खाली नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) धरणाऱ्या दोन बोल्टांची जागा सोडण्याआधी पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवा. खुणेवर परत बसवलं तरी अलाइनमेंट करून घ्यावीच लागते, नाहीतर टायरची एक कड खाल्ली जाते. गाडी जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड हवेतच. सोबत लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातली रबरं, बदलत असाल, तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा. लोंबत्या आर्मवर आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मागच्या बाजूसाठी घेण्याआधी गाडीखाली एकदा वाकून बघा. स्विफ्टसारख्या गाडीत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून अॅक्सल जॅकने हळू उतरवला की स्प्रिंग हातात येते. तिथे कॉम्प्रेसर लागतच नाही.

एकदाच वापरायचा असेल, तर आमच्या मते घेऊ नका. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअप, घरी उतरवा, सबंध गॅरेजमध्ये न्या आणि तिथल्या भिंतीवरच्या प्रेसवर माउंटिंग बदलून घ्या. बराचसा खर्च तर वाचतोच, जोखीमही टळते. घरच्या दोन-तीन गाड्या स्वतः सांभाळणाऱ्याला मात्र हा जोड कामाचा आहे. काम झालं की आटे पुसून ताजं ग्रीस लावा आणि आकड्यांच्या वळणावर बारीक चीर दिसते का ते उजेडात बघा. दांडा वाकला असेल तर ठोकून सरळ करू नका, जोड भंगारात द्या.