लायसन्स, बंदी की मोकळीक? शरीरविक्रयाच्या कायद्याचे तीन रस्ते

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात गेल्या जुलैत एक बाई रिटर्न भरायला आल्या. घरासाठी कर्ज हवं होतं, बँकेनं तीन वर्षांचे रिटर्न मागितले होते. व्यवसायाच्या रकान्यापाशी मी अडखळलो, तशा त्या म्हणाल्या, "शिलाई लिवा की सायेब. मशीन हाय घरात." मशीन खरंच होतं. कमाई त्याची नव्हती.

त्यामुळे "कायदेशीर करा, कर लावा, सरकारची तिजोरी भरेल" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. कर आजही लागू आहे. आयकर खातं पैसा कुठल्या वाटेनं आला म्हणून सोडत नाही. पण 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर शून्य, आणि सेवांना जीएसटीची नोंदणी 20 लाखांच्या पुढं. पेठेतल्या कुठल्या बाईची एवढी कमाई असते? जर्मनीतल्या बॉन शहरानं 2011 साली रस्त्यावर धंदा करणाऱ्या बायकांकडून कर घ्यायला पार्किंगसारखं मशीन बसवलं: रात्रीचे 6 युरो, गिऱ्हाईक मिळो न मिळो. मला तर तो हप्त्याचाच सख्खा भाऊ वाटतो.

तेव्हा तिजोरी बाजूला ठेवा आणि आधी आपल्याकडं काय आहे ते बघा. 1956 चा पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. प्रौढ बाईनं स्वतःच्या मर्जीनं शरीरविक्रय करणं यात गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 2020 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये हे स्पष्ट केलंय. गंमत पुढं आहे. दोघींनी मिळून खोली घेतली आणि दोघींचा फायदा झाला, की तो कुंटणखाना. आईच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा 18 वर्षांवरचा मुलगा, मग तो कॉलेजात शिकत का असेना, आरोपी होऊ शकतो. देऊळ, शाळा, दवाखान्यापासून 200 मीटरच्या आत मनाई. आता शिवाजी पेठेत अशी जागा शोधून दाखवा!

स्वीडननं 1999 मध्ये विकणारीला सोडलं आणि गिऱ्हाइकाला धरलं. नॉर्वे, फ्रान्स त्याच वाटेनं गेले. हे पटणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. गडहिंग्लज भागात देवाला सोडलेल्या पोरींचं पुढं काय झालं ते ज्यानं पाहिलंय, तो 'मर्जी' हा शब्द सहजासहजी तोंडातून काढत नाही. अडचण एवढीच, की घाबरलेलं गिऱ्हाईक अंधार शोधतं, घाई करतं, आणि माणूस पारखायला बाईला वेळ उरत नाही.

जर्मनीनं 2002 मध्ये धंद्याला मान्यता दिली, 2017 मध्ये नोंदणी सक्तीची केली. कागदावर झकास. पण 2023 अखेर नोंदवलेली नावं सुमारे 30 हजार, आणि प्रत्यक्षातल्या बायकांचा अंदाज त्याच्या कितीतरी पट. का नोंदवतील त्या? गंगावेशीत लिहिलेलं नाव राजारामपुरीत पोचायला चहा गार व्हायचाही अवकाश नाही. इंग्रजांनी भारतात 1868 मध्ये सक्तीची नोंद आणि तपासणी आणली होती. 1888 मध्ये गुंडाळली.

न्यूझीलंडनं 2003 मध्ये, 60 विरुद्ध 59 अशा काठावरच्या मतांनी, धंदा गुन्ह्यातून बाहेर काढला. मालक नसेल तर चौघींपर्यंत एकत्र काम करायला लायसन्स लागत नाही. जबरदस्ती आणि अल्पवयीन मुली मात्र गुन्हाच. खोट एक: तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बायकांना मुभा नाही, म्हणजे सर्वांत अडलेली बाहेरच. बेल्जियम पुढं गेलं. तिथं डिसेंबर 2024 पासून नोकरीचा करार, बाळंतपणाची रजा, पेन्शनसुद्धा.

माझं झुकतं माप न्यूझीलंडला. शेजारी सांगलीतली या बायकांचीच संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, तीही लायसन्स मागत नाही, गुन्ह्याचा शिक्का काढा म्हणते. सगळा कायदा मोडायची गरज नाही. मानवी तस्करीची कलमं कडकच ठेवा. दोघींची खोली आणि पोराचं शिक्षण तेवढं मोकळं करा. तुम्हाला स्वीडन पटत असेल तर एवढं ठरवून ठेवा: गिऱ्हाईक बंद झाल्यावर पुढच्या महिन्याचं भाडं कोण देणार? 2020 च्या कोरोनात राज्यानं महिना 5,000 रुपये दिले, तेही सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यावर आणि तीनच महिने.

त्या बाईंच्या रिटर्नमध्ये मी शेवटी 'इतर सेवा' लिहिलं. बँकेत विचारलं म्हणे, कसल्या सेवा? त्यांनी सांगितलं, शिलाईच्या.