रत्नागिरीतली फिजिओथेरपी: माझ्या डाव्या खांद्यापुरतं

मे महिन्यात शेवटचे आंबे काढताना शिडीवरून पडलो आणि डावा खांदा निखळला. त्याच दिवशी तो बसवला, पण झोळी सुटल्यावरही हात वर जाईना. एका ठिकाणी सांगितलं, "फ्रोजन शोल्डर आहे, म्हणजे सांधा जाम झालाय, शेक द्या." दिला. दंडावर बीसीजीचा वण असतो ना, नेमका तिथे टरटरून फोड आला आणि मला पत्ताच नाही! बायकोने दाखवला तेव्हा कळलं.

मग पावसहून एसटीने रत्नागिरीला या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे आलो. फोड बघताच त्यांनी भोवती कापूस फिरवला. "कळतंय का काका?" तळहाताएवढ्या जागेत काहीच कळेना. "इथे शेक बंद." मग माझा हात धरून त्यांनीच वर नेला, तर सरळ कानापर्यंत गेला. "जाम असता तर माझ्यानेही गेला नसता. नस दुखावली आहे." पावतीच्या मागे चित्र काढून दिलं, ते मी जपून ठेवलंय. मानेतून आलेल्या नसांच्या जाळ्यातली अ‍ॅक्सिलरी नावाची नस काखेतून मागे जाते आणि पोफळीला मिरीचा वेल बिलगतो तशी दंडाच्या हाडाला वळसा घालते. हाड निखळलं की ती ताणली जाते. तिच्या जिवावर चालणारा खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू मग सुकतो. माझ्या खांद्याचा गोलवा जाऊन हाडाचं टोक वर आलं होतं, ते मला म्हातारपण वाटत होतं.

ईएमजीसाठी, म्हणजे स्नायूत सुई घालून नस कितपत काम करते ते बघायला, कोल्हापूरला पाठवलं. पडल्यापडल्या ही तपासणी फसवते, तीनेक आठवडे जाऊ द्यावे लागतात. नशिबाने नसेत जीव होता. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, तेव्हा घाई नको; पण ३ महिन्यांत काहीच हललं नाही तर सर्जन गाठायचा, हे मॅडमनी आधीच बजावलं.

गणपतीपर्यंत हात खांद्याच्या रेषेत आला. गणपतीवरची मंडपी बांधायला मात्र पुतण्याच चढला.

तक्रारी आहेत. जिना अरुंद, लिफ्ट नाही. लाईट गेली की स्नायूला करंट द्यायचं मशीन बंद, आणि पावसाळ्यात ती जातेच. एका वेळचे ३५० रुपये. चारची वेळ देतात, नंबर लागतो पाचला. माझी परतीची एसटी दोनदा चुकली. सकाळचीच वेळ मागून घ्या.