भाड्याने दिलेल्या फ्लॅटची विक्री आणि शाहूपुरीतील करसल्ला

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमचा फ्लॅट आम्ही २००८-०९ या आर्थिक वर्षात मुद्रांक व नोंदणीसह १४ लाख रुपयांना घेतला, त्यात आठ वर्षे राहिलो आणि नागाळा पार्कात राहायला गेल्यावर तो भाड्याने दिला. डिसेंबर २०२४ मध्ये तो ५२ लाखांना विकला, तेव्हा कराचे काम शाहूपुरीतील एका सनदी लेखापालांकडे सोपवले.

अमेरिकेतील मेहुण्यांनी आधीच धास्ती घातली होती. तिकडे विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे मालक स्वतः घरात राहिलेला नसेल, तर नफ्यावरील मोठी सूट सहसा जाते आणि भाड्याच्या काळातील घसाऱ्यावर, म्हणजे घर जुने होण्यापोटी मिळालेल्या वजावटीवर, २५ टक्क्यांपर्यंत कर द्यावा लागतो. लेखापालांनी हे सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की, आपल्याकडे भाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, घसारा मुळात मिळतच नाही. मालकी २४ महिन्यांहून जुनी असली की घरात आम्ही राहत होतो की भाडेकरू, याने विक्रीवरील कर बदलत नाही.

मग त्यांनी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे ३८ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे ४ लाख ७५ हजार. उजवीकडे खरेदीच्या आणि विक्रीच्या वर्षाचे १३७ आणि ३६३ हे महागाईचे दोन निर्देशांक मांडून खरेदीची किंमत सुमारे ३७ लाख १० हजारांवर नेली आणि उरलेल्या १४ लाख ९० हजारांवर २० टक्क्यांनी कर काढला: सुमारे २ लाख ९८ हजार, उपकर वेगळा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयाला यांपैकी कमी असेल तो कर भरता येतो, हे मला त्या रेघेमुळे पाच मिनिटांत समजले. रंगकामाचे बिल त्यांनी बाजूला सारले, कारण ती केवळ डागडुजी. वाढवलेल्या न्हाणीघराचा खर्च धरता आला असता, पण त्याची पावती मीच हरवली होती. खरेदीदाराने किमतीतून करापोटी कापलेला एक टक्का, म्हणजे ५२ हजार, माझ्या पॅनवर जमा दिसतो की नाही, हेही त्यांनी समोरच तपासले आणि उरलेला आगाऊ कर १५ मार्चच्या आत भरून घेतला.

तक्रार एकच, पण लहान नाही. नफा सरकारी बाँडमध्ये गुंतवून कर वाचवण्याची मुदत विक्रीपासून सहा महिन्यांची असते, आणि विक्रीची तारीख पहिल्याच भेटीत सांगूनही हा विषय त्यांनी जुलैत, रिटर्न भरताना काढला. पाच वर्षे पैसे अडकवले असते की नाही, हे मी ठरवले असते. दुसरे घर घेऊन कर वाचवणार का, हे मात्र त्यांनी वेळेत विचारले होते. आमचा तो विचार नव्हता.

शुल्क वाजवी वाटले आणि पावती न मागता मिळाली. हिशेबासाठी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन, मात्र मुदतींची यादी पहिल्याच दिवशी लिहून मागेन.