७५ मीटरचा वाद आणि मोजणीचं चाक

शाळा, देऊळ अशा संस्थेपासून ७५ मीटरच्या आत परमिट रूमला परवाना मिळत नाही. या अंतराचा वाद निघाला की जागेवर हमखास एक मीटर घेराचं मोजणीचं चाक येतं. साधन दणकट, एकट्याने ढकलता येतं, ७५ मीटर दोन मिनिटांत होतात. पहिल्या पाहणीला ते छान. पण देऊळ ७४.६ मीटरवर की ७५.४ वर, यावर परवाना अडला असेल तर त्यावर विसंबू नये.

चाकाची चूक बहुधा एकाच बाजूला झुकते. चालणारा जरा नागमोडी गेला, पेव्हर ब्लॉकच्या खाचांत चाक उतरलं-चढलं, की आकडा वाढतो. वाढीव आकडा अर्जदाराच्या पथ्यावर पडतो आणि हरकतदाराचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. पावसाळ्यात उलटं: ३१८ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला सभोवार ३ मिलिमीटर चिखल चिकटला, तर खऱ्या ७५ मीटरला ते ७३.६ दाखवतं.

सुनावणीसाठी ३० मीटरची फायबर टेपच बरी. दोन माणसं, तीन टप्पे, प्रत्येक टप्प्याला खडूची खूण. टेपचं शून्य कडीच्या टोकाला आहे की कडीनंतर, ते आधी बघा. ही चूक तीनदा बेरजेत येते.

लेझर मीटरचा ठिपका भर उन्हात दिसेनासा होतो, शिवाय तो मोजतो सरळ रेषा. मोबाइल नकाशावरची रेघही घरांच्या कौलांवरून जाते. मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ मधला नियम ४५ मात्र पायी माणूस एरवी ज्या जवळच्या वाटेने जातो ती वाट धरतो: हॉटेलच्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून संस्थेच्या जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत, आणि कुंपणभिंत नसेल तर जवळच्या दाराच्या मध्यापर्यंत.

खरी भांडणं या दोन टोकांवरून आणि मधल्या वाटेवरून होतात. देवळाचं मागचं फाटक वर्षभर कुलूपबंद असेल तर ते धरायचं का? दुभाजकातून लोक घुसतात ती फट वाट म्हणायची का? म्हणून दोन्ही टोकांचे फोटो, वाटेचा कच्चा नकाशा आणि जाता-येता मोजलेले दोन्ही आकडे पंचनाम्यात हवेतच, खाली दोन्ही पक्षांच्या सह्या.

आणि टेप उलगडण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून देवळाच्या ट्रस्टचा शेड्यूल-१ उतारा, म्हणजे न्यासाच्या नोंदणीची अधिकृत नक्कल, काढा. नियमाला अभिप्रेत धर्मस्थळ नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचं, किंवा शासनाने आदेशाने नेमून दिलेलं. तो उतारा किंवा असा आदेश नसेल, तर पारावरच्या शेंदूर फासलेल्या दगडापासून मिलिमीटरपर्यंत मोजलेलं अंतरही सुनावणीत कामाला येत नाही.