मनगटावरचं स्मार्टवॉच की भिंतीवरचं कालनिर्णय?

सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चालायला गेलं की कितीतरी मनगटांवर स्मार्टवॉच दिसतात. त्यांची खरी ताकद म्हणजे लगेच मिळणारा पावलांचा हिशोब. आपण किती कमी चालतो हे अंदाजाने कळत नाही. आकडा दिसला की माणूस जेवणानंतर आपसूक सोसायटीला एक फेरी मारतो. पण आकड्यावर आंधळा विश्वास नको. घड्याळातला सेन्सर हाताची हालचाल टिपतो, त्यामुळे मंडईतून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन निघालात तर बरीच पावलं निसटतात. आणि ते १०,००० पावलांचं लक्ष्य? ते १९६५मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरमुळे, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे रुजलं, वैद्यकीय संशोधनातून नव्हे.

कालनिर्णयवरची पेनाची खूण एवढंच सांगते: आज पर्वती चढलो. वेग नाही, नाडी नाही. पण ती घरात सगळ्यांना दिसते. दोन चौकोन कोरे राहिले की आई विचारतेच, "काय रे, बरं नाही का?" ही विचारपूस मला कुठल्याही नोटिफिकेशनपेक्षा मोलाची वाटते.

नवी सुरुवात करणाऱ्याला मी घड्याळच सुचवेन. आकडा हुकला की खट्टू होऊन जो चालणंच सोडतो, त्याने मात्र कालनिर्णय आणि पेन घ्यावं.